माटुंग्याची गुरुदक्षिणा

बोईसर-चिल्हार रस्त्यावरच्या बेटेगावात राहणाऱ्या माणसाला रसायनांची ओळख करून द्यावी लागत नाही. तारापूर एमआयडीसी हाकेच्या अंतरावर आहे. बल्क ड्रग, रंग, कीटकनाशकं असं बरंच काही तिथे बनतं आणि घरटी कुणी ना कुणी शिफ्टला जातं. हा उद्योग ज्या शिक्षणावर उभा राहिला, त्याचं मूळ शोधत गेलं की आपण मुंबईत माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेपर्यंत पोहोचतो.

१ ऑक्टोबर १९३३ रोजी ती मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग (यूडीसीटी) म्हणून सुरू झाली. गिरण्यांच्या शहराला रंगाई जाणणारी माणसं हवी होती, म्हणून सुरुवात वस्त्ररसायन आणि केमिकल इंजिनिअरिंगपासून झाली. २००८ मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आज ती 'आयसीटी' (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) असली तरी जुनी मंडळी अजून 'यूडीसीटी'च म्हणतात. दर्जा बदलला, पण संस्था सरकारीच राहिली, ही माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

तिची खरी श्रीमंती गुरुपरंपरेत आहे. प्रा. एम. एम. शर्मा केंब्रिजहून पीएच.डी. करून आले आणि सत्ताविसाव्या वर्षी इथे प्राध्यापक झाले. वायू द्रवात विरघळताना होणाऱ्या रासायनिक क्रियांवर त्यांनी आयुष्यभर काम केलं. १९९० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. रघुनाथ माशेलकर, ज्येष्ठराज जोशी, गणपती यादव हे त्यांचे विद्यार्थी. जोशी पुढे संस्थेचे संचालक झाले आणि यादव कुलगुरू.

शर्मांच्याच वर्गात मुकेश अंबानीही शिकले. जून २०२५ मध्ये गुरूंच्या चरित्राच्या प्रकाशनाला ते माटुंग्यात आले आणि गुरुदक्षिणा म्हणून संस्थेला १५१ कोटी रुपये जाहीर केले. आकडा मोठा आहेच, पण मला त्याहून मोलाची वाटते ती एक गोष्ट: देणगी विनाअट होती. सार्वजनिक विद्यापीठाला सरकारी अनुदान बांधील खर्चासाठी मिळतं. त्यातून पगार निघतात, पण बंद पडलेलं उपकरण, संशोधकाचं विद्यावेतन, नव्या कल्पनेवर करायचा पहिला प्रयोग यांसाठी हात आखडतो. विनाअट पैसा कुठे लावायचा हे संस्थाच ठरवते.

मोठ्या आकड्यानं मात्र दिपून जाऊ नये. माशेलकरांचं शिक्षण पुढे सरकलं ते टाटा न्यासाच्या महिना साठ रुपयांच्या शिष्यवृत्तीवर. वेळेवर मिळालेले साठ रुपये काय करू शकतात याचा याहून मोठा दाखला हवा कशाला?

या ज्ञानाचा तारापूरला काय उपयोग, असं कुणी विचारलं तर मी याच संस्थेच्या प्रा. अनिरुद्ध पंडित यांच्या कामाकडे बोट दाखवीन. पाणी अरुंद छिद्रातून जोरानं ढकललं की दाब एकदम उतरतो आणि असंख्य सूक्ष्म बुडबुडे तयार होतात. पुढे दाब वाढताच ते फुटतात. त्या क्षणी, अगदी इवल्याशा जागेत, प्रचंड उष्णता आणि दाब निर्माण होतो आणि एरवी दाद न देणारे प्रदूषक रेणू तुटू लागतात. म्हणजे पंप, पाइप आणि छिद्रांची तबकडी एवढ्यावर सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचा एक टप्पा उभा करता येतो. तारापूरच्या सांडपाण्याविरुद्ध मच्छीमार मांगेला समाजाच्या परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे जावं लागलं. खाडीतली मासेमारी हा इथल्या लोकांच्या पोटाचा प्रश्न आहे. कारखाने चालवायला शिकवणाऱ्या संस्थेनं त्यांचं पाणी शुद्ध करायलाही शिकवावं आणि कारखानदारांनी ते शिकावं, ही अपेक्षा रास्तच आहे.

नवं शैक्षणिक वर्ष सुरू होताना सीईटीच्या गुणांवर नवी मुलं माटुंग्यात दाखल होतात. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल आली, त्यामुळे बोईसरच्या मुलाला प्रवास सोपा झाला. पण जव्हार, विक्रमगडच्या मुलाला आधी बोईसर किंवा पालघरच गाठावं लागतं. त्याच्यासाठी वसतिगृह, मेस आणि पहिल्या सत्राची पुस्तकं हाच मोठा डोंगर असतो.

तारापूर एमआयडीसीत काम करणाऱ्या माटुंग्याच्या माजी विद्यार्थ्यांना म्हणून एवढंच सांगणं आहे: १५१ कोटींची वाट पाहू नका. पालघर जिल्ह्यातल्या एका मुलाच्या वर्षभराच्या मेसचा खर्च उचला, सुट्टीत त्याला तुमच्या प्लांटवर प्रशिक्षणाला घ्या आणि ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा विभागसुद्धा दाखवा.