छाटणीची वेळ झाडालाच विचारा

मे महिना लागला की ओळखीच्या घरांतून विचारणा सुरू होते, 'झाडं फार माजलीत, पावसाआधी छाटून घेऊ ना?' दुसरी फेरी दिवाळीच्या सुमारास होते. 'घराची साफसफाई चाललीच आहे, झाडांचीही उरकून घेतो.' दोन्ही वेळा मुहूर्त ठरतो तो माणसाच्या सोयीनं. झाडाला कुणी विचारत नाही. घराभोवतीच्या बागा पाहण्यात माझी बरीच वर्षं गेली. छाटणी राहून गेल्यामुळे बिघडलेली झाडं मला थोडी भेटली. अवेळी आणि अघोरी छाटणीनं बिघडलेली मात्र पुष्कळ भेटली.

म्हणून कात्री हातात घेण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा : ही फांदी कशासाठी काढायची? तिच्यापासून कुणाला धोका आहे, ती रोगट आहे, की तिच्यामुळे फुला-फळाला अडथळा होतो आहे? यांपैकी एकही उत्तर नसेल, तर कात्री खुंटीला टांगून ठेवावी.

काही फांद्या मात्र दिसतील त्या दिवशी काढाव्यात. त्यांना मुहूर्त लागत नाही. वाळलेली, मोडून लोंबणारी, कीड लागून भुसा पडणारी, दुसरीवर घासून तिची साल सोलणारी फांदी ही त्यातली. पण वाळलेली कोणती, हे नीट पाहावं. थंडीत पानं गळालेला चाफा किंवा उन्हाळ्यातला उघडाबोडका पांगारा मेला आहे असं समजून तोडणारे लोक आहेत. परीक्षा सोपी आहे. फांदीची साल नखानं किंचित खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर फांदी जिवंत आहे. तपकिरी, कोरडं लागलं तर आणखी खाली, बुंध्याच्या बाजूला सरकून पुन्हा पाहा. जिथे हिरवं लागेल, तिथवरच फांदी मेलेली समजावी.

कलमी झाडात आणखी एक खूण आहे. कलमाच्या जोडाखाली, म्हणजे खुंटावर फुटवे आले, तर ते लगेच काढावेत. गुलाबात वेगळ्याच पानांचा एखादा जोमदार फोक तळातून वर येतो आणि आपण खूष होतो. पण तो खुंटाचा असतो आणि वरच्या कलमाचं अन्न खातो. लिंबाच्या बुंध्यातून सरळसोट उभे वाढणारे पानसोटही असेच. त्यांच्या अंगी वाढ भरपूर, फळ मात्र नाही.

आता फुला-फळासाठी करायच्या छाटणीकडे वळू. इथे वेळेला सर्वांत जास्त महत्त्व आहे. झाडाचं फूल कोणत्या फांदीवर येतं, हे एकदा कळलं की वेळ आपोआप कळते. आपल्याकडचे द्राक्षबागायतदार हे उत्तम जाणतात. ते एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात ती काडी तयार व्हावी म्हणून, आणि ऑक्टोबरमध्ये दुसरी छाटणी करतात ती त्या काडीतून घड निघावेत म्हणून. एकच वेल, पण दोन वेळांची दोन कामं.

घरच्या बागेतही हाच हिशेब चालतो. गुलाब, जास्वंद, मोगरा, पेरू यांना नव्या फुटीवर फूल येतं. छाटलं की नवी फूट, फूट आली की फूल. म्हणून गुलाब पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात छाटतात. मोगरा थंडीत छाटला की उन्हाळ्यात बहरतो. सीताफळ थंडीच्या अखेरीस पानं गाळून विश्रांती घेतं, तेव्हाच त्याची हलकी छाटणी करावी. शेवग्याच्या शेंगा संपल्या की त्याला बेताच्या उंचीवर आणावं. नाहीतर शेंगा आभाळात आणि आपण जमिनीवर, अशी गत होते.

आंब्याचं मात्र उलट आहे. त्याला मोहोर येतो तो पावसाळ्यात फुटून थंडीपर्यंत जून झालेल्या डहाळीच्या टोकाला. पुण्यातल्या एका सोसायटीत असाच एक आंबा होता. झाड देखणं, पण मोहोर नाही. 'वांझ आहे, सावली पाडतं, पानांचा कचरा करतं, काढून टाकू,' असा ठराव होत आला होता. मला बोलावलं ते झाड पाडायचं कसं, हे विचारायला. मी एवढंच विचारलं, 'छाटता कधी?' उत्तर मिळालं, 'दर दिवाळीला, पणत्या-आकाशकंदिलांच्या आधी.' म्हणजे मोहोर ज्या डहाळ्यांवर यायचा, त्याच दर वर्षी कचऱ्याच्या गाडीत जात होत्या. ठराव दोन वर्षं पुढे ढकलायला सांगितलं. दिवाळीची छाटणी बंद केली. जूनमध्ये, पावसाची उघडीप पाहून फक्त आतल्या दाटीच्या चार फांद्या काढल्या. दुसऱ्या वर्षी झाडावर मोहोर आला. आता त्या सोसायटीत भांडणं होतात ती कैऱ्यांच्या वाटणीवरून!

नारळाला तर फांद्याच नसतात. त्याची फक्त वाळलेली झावळी काढावी. हिरव्या झावळ्या उतरवल्या की झाडाचं अन्नच तुटतं आणि नारळ कमी लागतात.

वेळेइतकंच महत्त्व कापाला आहे. अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ अॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून तपासली. त्यांनी 1977 मध्ये मांडलेला निष्कर्ष असा, की आपली जखम भरून येते तशी झाडाची भरत नाही. झाड त्या भागाला आतून भिंती घालून कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. फांदी बुंध्याला मिळते तिथे एक फुगीर वळी दिसते. तिथून ही भिंत चांगली घातली जाते. म्हणून वळी शाबूत ठेवून, तिच्या लगेच बाहेर काप घ्यावा. वीतभर थुटका ठेवला तर तो कुजतो. वळीसकट तासलं तर बुंधा कुजतो. फांदी जड असेल तर आधी हातभर अंतरावर खालून थोडा काप घ्यावा, मग त्याच्या किंचित पुढे वरून कापून ओझं उतरवावं आणि शेवटी उरलेला थुटका काढावा. असं केलं की साल सोलत खाली येत नाही. काम कात्रीनं किंवा करवतीनं करावं, कोयत्याचे घाव घालू नयेत. कापावर डांबर फासल्यानं कुजणं थांबत नाही. फळझाडाच्या मोठ्या कापाला दमट हवेत बोर्डो पेस्ट लावतात, ती बुरशीला अटकाव म्हणून; चुकीच्या कापावर तो उतारा नव्हे.

एका वेळी पावपट हिरवाईपेक्षा जास्त काढू नये. शेंडा उडवून झाडाचं मुंडण केलं की पावसाळ्यापुरतं सुरक्षित वाटतं. पण त्या थुटक्यांवर जे दाट फुटवे येतात, ते वरवरच चिकटलेले असतात आणि खाली लाकूड कुजत असतं. चार वर्षांनी वादळात तेच आधी मोडतात. बुंध्याला सिमेंटनं आवळलेलं, मुळं तोडलेलं झाड तर कितीही छाटलं तरी सुरक्षित होत नाही. झाड कलून बुडाशी माती उचलली गेली असेल, तर तातडीनं जाणकाराला दाखवावं.

शहरात मोठ्या झाडाला हात लावण्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्यावी. नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणासाठी राज्यात 1975 पासून कायदा आहे. आणि करवत चालवण्याआधी एकदा वर पाहावं. पावसाच्या तोंडावर आपण फांद्या तोडायला निघतो, नेमकी तेव्हाच कावळ्यांची घरटी पिल्लांनी भरलेली असतात. धोका नसेल, तर ती फांदी महिनाभर थांबू शकते.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)