महायुद्धातून आलेलं रेशनकार्ड

मुंबईत २ मे १९४३ पासून धान्य कार्डावर मिळू लागलं. लढाई ब्रह्मदेशात चालली होती, पण तिची झळ इथल्या चुलींपर्यंत पोचली होती. मार्च १९४२ मध्ये जपानी सैन्यानं रंगून घेतलं आणि तिथून येणारा तांदूळ बंद झाला. कोकणातून गिरण्यांत आलेला, दोन्ही वेळ भात जेवणारा कामगार यात सर्वांत आधी भरडला गेला. पलटणींना धान्य पुरवायचं होतं, रेल्वेच्या वाघिणी लष्करी मालात अडकल्या होत्या, आणि साठेबाजांना तर सुगीच आली होती. १९४३ मध्येच बंगालमध्ये उपासमारीनं लाखो माणसं मेली. मुंबईवर तशी वेळ आली नाही, यात या कार्डाचा वाटा मोठा होता.

नागरी पुरवठ्याचे आयुक्त होते सनदी अधिकारी ए. डी. गोरवाला. ही व्यवस्था कागदावर सोपी होती, अंमलात आणायला अवघड. घरोघरी माणसं मोजायची, प्रत्येक कुटुंबाला कार्ड द्यायचं, ते कार्ड एका ठरावीक दुकानाला जोडायचं आणि माणशी माप ठरवून तेवढंच धान्य द्यायचं. दुकान खासगी, पण धान्य सरकारचं आणि भावही सरकारचा. बंगल्यात राहणारा असो की चाळीतल्या खोलीत, श्रीमंती बघून माप वाढत नसे. तांदूळ पुरेना तेव्हा भात खाणाऱ्यांनाही गहू घ्यावा लागला. १९४६ साली देशभर टंचाई वाढली आणि रोजचं माप माणशी १२ औंसांवर, म्हणजे साधारण ३४० ग्रॅमवर आलं. तोपर्यंत देशातल्या ७७१ शहरांत आणि गावांत रेशनिंग पोचलं होतं.

अंधेरी, घाटकोपर, बोरिवली, मुलुंड ही आजची उपनगरं तेव्हा मुंबई महापालिकेच्या हद्दीतही नव्हती. सांताक्रूझला ब्रिटिश हवाई दलाचा तळ उभा राहिला होता, जुहूची धावपट्टी लष्कराच्या कामी आली होती, पण भोवती अजून भातखाचरं आणि वाड्याच होत्या. बृहन्मुंबईची हद्द १९५० मध्ये वाढली आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. रेशनिंगचं जाळंही वस्तीबरोबर पसरत गेलं. आज ते महापालिकेच्या हद्दीपेक्षाही मोठं आहे. परळ, अंधेरी, वडाळा, कांदिवली आणि ठाणे अशी त्याची पाच परिमंडळं. राज्यात इतरत्र हे काम जिल्हाधिकारी आणि तहसीलदार यांच्याकडे असतं; मुंबई-ठाण्यासाठी मात्र आजही स्वतंत्र शिधावाटप नियंत्रक आहे.

लढाई संपली, तरी कार्ड गेलं नाही. गांधीजींच्या आग्रहावरून १९४७ च्या अखेरीस नियंत्रणं सैल झाली. भाव भडकताच पुढच्या वर्षी ती परत आली. रफी अहमद किडवई अन्नमंत्री असताना ती पुन्हा उठली. साठच्या दशकात पाऊस फसला, अमेरिकेतून येणाऱ्या गव्हावरची भिस्त वाढली आणि कार्ड पुन्हा कामाला लागलं. १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झालं. त्याची मोठी गोदामं बोरिवलीला आहेत.

१९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिलो नावाची लालसर ज्वारी आली. भाकरी थापता येईना, पोरं खाईनात. गोरेगावच्या मृणाल गोरे आणि कम्युनिस्ट नेत्या अहिल्या रांगणेकर यांनी वेगवेगळ्या पक्षांच्या बायकांना महागाईविरुद्ध एकत्र आणलं आणि हातात लाटणी घेऊन मोर्चे निघाले. धान्य, तेल, रॉकेल हे राजकारणाचे प्रश्न आहेत, हे त्या बायकांनी सरकारला ऐकवलं.

उपनगरांत या कार्डाला धान्यापलीकडेही मोल आलं. भाड्याच्या खोलीत, झोपडीत राहणाऱ्याकडे पत्त्याचा दुसरा कागद कुठला? गॅसची जोडणी, शाळेचा दाखला, झोपडपट्टी पुनर्वसनात जुन्या वास्तव्याचा पुरावा, सगळीकडे कार्ड लागायचं. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी करायचं, तो दाखला आणायचा आणि मग सासरच्या कार्डावर चढवायचं, यात अनेक घरांच्या कितीतरी खेपा गेल्या.

१ मे १९९९ पासून महाराष्ट्रात कार्डं तीन रंगांची झाली: पिवळी, केशरी आणि शुभ्र. सगळ्यांसाठी असलेली व्यवस्था आता उत्पन्न बघू लागली. अन्न सुरक्षा कायदा राज्यात फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य, अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब कुटुंबाला ३५ किलो. २०२० च्या टाळेबंदीत रोजगार एका रात्रीत थांबले, तेव्हा याच दुकानांतून मोफत धान्य मिळालं. जानेवारी २०२३ पासून कायद्याखालचं धान्यच मोफत झालं.

दुकानात आता पावतीपुस्तकाच्या जागी अंगठ्याचा ठसा घेणारं मशीन आहे. धुणीभांडी करून, विटा-सिमेंट वाहून बोटांच्या रेषा झिजलेल्यांचा अंगठा त्यावर अनेकदा लागत नाही, आणि रांगेत उभं राहून त्यांना परत यावं लागतं. याच मशीनमुळे झालेलं चांगलंही मोठं आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात यांची कार्डं एकमेकांकडे चालू लागली आणि पुढे ही सोय देशभर झाली. उत्तर प्रदेशातून किंवा बिहारमधून येऊन अंधेरीच्या एमआयडीसीत राबणारा कामगार गावचं कार्ड न बदलता इथं धान्य घेऊ शकतो.

अडचण उरते ती यादीच्या दाराशी. प्राधान्य कुटुंबासाठी शहरी उत्पन्नाची मर्यादा ठरली वर्षाला ५९ हजार रुपये, म्हणजे महिन्याला पाच हजारही नाहीत. मुलुंड-घाटकोपरमध्ये चार घरची कामं करणारी एकटी बाईसुद्धा त्याहून जास्त मिळवते. त्यातलं बरंचसं खोलीच्या भाड्यात जातं, तरी नियमाप्रमाणे ती यादीबाहेर पडते. १९४३ च्या मोजणीदारानं तिला घरात खाणारी तोंडं किती, एवढंच विचारलं असतं. मुंबईतलं घरभाडं आणि बाजारभाव बघून ही मर्यादा नव्यानं ठरवणं शासनाच्या हातात आहे, आणि त्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. ती ऐंशीहून अधिक वर्षं इथंच काम करते आहे.