फिंगरस्टाइल गिटार : घरी शिकताना, घरी रेकॉर्ड करताना

फिंगरस्टाइलमध्ये एकच गिटार बेस, ताल आणि धून ही तिन्ही कामं सांभाळते. अंगठा जाड तारांवर बेस धरतो. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका बारीक तारांवर धून वाजवतात. अमेरिकेतल्या केंटकीचे गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस (१९१७–१९८३) यांच्या नावाने ओळखलं जाणारं ‘ट्रॅव्हिस पिकिंग’ ही यातली पायाभूत पद्धत.

ती शिकण्यासाठी आधी अंगठा पक्का करा. सी कॉर्ड धरा आणि मेट्रोनोम ६० वर ठेवून पाचवी व चौथी तार आळीपाळीने, प्रत्येक ठोक्याला एक, छेडत राहा. कुणाशी बोलता बोलताही हे चुकेनासं झालं की मग एकेक बोट जोडा. नवी रचना दोन-दोन बारच्या तुकड्यांत बसवा. हात अडखळतो तेवढीच जागा संथ लयीत घोटा. दरवेळी सुरुवातीपासून वाजवल्याने ती सुटत नाही.

रेकॉर्डिंग करताना माइक थेट साउंडहोलसमोर नको. पोकळीतली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास घुमते, त्यामुळे बेस फुगतो. माइक बाराव्या फ्रेटकडे रोखून वीतभर ते फूटभर अंतरावर ठेवा. पंखा बंद करा. गाद्या, पडदे, पुस्तकं असलेली खोली निवडा. २४ बिटमध्ये, सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा गेन लावा.

कंडेन्सर माइक नसेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करा, पण रोज करा. अंगठा कुठे पळतो, कोणती तार खरखरते, हे वाजवताना कळत नाही. ऐकताना लगेच कळतं.