सायबर शिष्यवृत्ती: पैसे सरकारचे, पण सही तुमची!

धंद्याचा एक नियम आपण नेहमी बोलतो: समोरचा फुकट काही देत असेल, तर आधी कागद वाचा. आज हा नियम अमेरिकेतल्या एका शिष्यवृत्तीला लावून बघू. तिकडे स्थायिक झालेल्या ज्या मराठी घरांत मुलं सायबर सुरक्षेकडे वळली आहेत, त्यांनी तर हे शेवटपर्यंत वाचाच.

नाव आहे 'सायबरकोअर: स्कॉलरशिप फॉर सर्व्हिस'. सुरुवात २००० सालची. पैसा येतो नॅशनल सायन्स फाउंडेशनकडून. कारण सरळ आहे. हॅकर्सपासून सरकारी यंत्रणा वाचवायला माणसं लागतात, पण खासगी कंपन्या जास्त पगार देऊन ती उचलतात. मग सरकारने ठरवलं, माणूस शिकत असतानाच त्याला बांधून घ्या.

मिळतं काय?

कॉलेजची फी भरली जाते. वर खर्चाला पदवीच्या विद्यार्थ्याला वर्षाला २७,००० डॉलर आणि पदव्युत्तरला ३७,००० डॉलर. शिवाय पुस्तकं, प्रशिक्षण, परिषदा यासाठी वर्षाला ६,००० डॉलरपर्यंत भत्ता. ही मदत जास्तीत जास्त तीन वर्षं. अर्ज सरकारकडे नाही, योजनेत असलेल्या कॉलेजकडे करायचा. निवड तेच करतं.

द्यायचं काय?

जितकी वर्षं शिष्यवृत्ती, तितकी वर्षं सरकारी नोकरी. आपल्याकडे सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्यांना बाँड असतो ना, तसंच. सुट्टीतली इंटर्नशिप त्यात धरत नाहीत. बहुतेकांनी केंद्र सरकारच्या खात्यांतच लागायचं. राज्य किंवा स्थानिक सरकारांत जाणाऱ्यांचा वाटा थोडा.

कोणाला चालत नाही?

अर्जदार अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक हवा. म्हणजे पुण्याहून किंवा नाशिकहून स्टुडंट व्हिसावर गेलेल्यांना दार बंद. आई-वडील एच-१बी वर आणि मुलगी त्यांच्या व्हिसावर असेल, तर तीही बसत नाही, मग ती तिथेच लहानाची मोठी झालेली का असेना. आणि ग्रीन कार्डवाल्यांनो, बरीच केंद्रीय खाती नागरिकांनाच घेतात, हे सही करण्याआधी लक्षात ठेवा.

आता खरी मेख

नोकरी कोणी हातात आणून देत नाही. मेळावे होतात, मार्गदर्शन मिळतं, पण शोधायची विद्यार्थ्यानेच. नाही मिळाली, तर शिष्यवृत्तीचं कर्ज होतं. हिशोब करा. पदव्युत्तरची दोन वर्षं म्हणजे ७४,००० डॉलर खर्चाचे, अधिक १२,००० भत्त्याचे. झाले ८६,००० डॉलर, आणि फी अजून धरलेलीच नाही! सेवा एक वर्षाच्या आत सुटली, तर पूर्ण रक्कम. त्यानंतर सुटली, तर उरलेल्या सेवेच्या प्रमाणात.

वर्षानुवर्षं ही अट कोणाला फारशी बोचली नाही, कारण जागा होत्या. मग २० जानेवारी २०२५ ला केंद्र सरकारच्या नोकरभरतीला स्थगिती आली. काहींच्या हातातल्या ऑफर गेल्या. मुलं काम करायला तयार, पण घेणारंच कोणी नाही, आणि डोक्यावर कर्जाची टांगती तलवार. भरती थांबवली सरकारने, धोका मात्र करारानुसार विद्यार्थ्याचा.

म्हणून योजना वाईट आहे का? अजिबात नाही. कर्ज न काढता शिक्षण आणि देशाच्या सुरक्षेचं काम, ही मोठी संधी आहे. पण सही करण्याआधी कॉलेजला तीन प्रश्न विचारा. मागच्या दोन बॅचमधली किती मुलं नोकरीला लागली? नोकरी शोधायला मुदत किती आणि ती वाढते का? कर्ज झालंच, तर व्याज कधीपासून?

आणि माझ्या उद्योजक मित्रांनो, यात आपल्यालाही धडा आहे. तुम्ही एखाद्या पोराला तुमच्या पैशाने कोर्सला पाठवता आणि दोन वर्षांचा बाँड लिहून घेता. घ्या, त्यात गैर काही नाही. फक्त एक ओळ जास्तीची घाला: "काम आम्हीच देऊ शकलो नाही, तर पैसे परत मागणार नाही." एवढी ओळ लिहायची तयारी नसेल, तर तो बाँड पुन्हा एकदा त्या पोराच्या जागी बसून वाचा.