गुरुपौर्णिमेच्या निमित्ताने : चर्चच्या आवारातील शाळा

आज आषाढ शुद्ध पौर्णिमा. महर्षी व्यासांच्या स्मरणाचा आणि गुरुपूजनाचा हा मंगल दिवस. ज्यांच्या घराण्यात परंपरेने गुरुपदेश आहे ते आज पादुकांची षोडशोपचारे पूजा करतील. कोणी दत्तस्थानी जातील, कोणी घरीच गुरुचरित्राची पोथी उघडून बसतील. या पुण्यदिनी आम्हांस मात्र एका निराळ्याच गुरुगृहाचे स्मरण होत आहे. वसईच्या बागायतीत, नारळी-केळींच्या सावलीत, एका चर्चच्या आवारात ते उभे आहे. तेथे पहिली ते चौथीचे वर्ग भरतात. तेथील एका बाईंनी आमच्या घरास जो धडा दिला, तो सांगितल्यावाचून आजची आमची गुरुपूजा पुरी होणार नाही.

घरातील धास्ती

काही वर्षांपूर्वी आमचे बिऱ्हाड मुंबईहून वसईस आले. नातवाचे वय शाळेत घालण्याचे होते. घरापासून पायी जाण्याजोगी, मराठी माध्यमाची आणि शिस्तीचा लौकिक असलेली शाळा एकच. आणि ती कॅथलिक धर्मग्रामाची. मुलाच्या आईवडिलांना त्यात काही वावगे वाटले नाही. परंतु आमच्या घरातून स्पष्ट प्रश्न आला, "पोर तिथे रोज क्रुसापुढे हात जोडणार. मग घरच्या देवाला आपण काय सांगायचं?"

हा प्रश्न केवळ बायकी भाबडेपणाचा म्हणून झटकून टाकण्यासारखा नव्हता. त्यामागे वसईच्या मातीतील जुनी आठवण आहे. १५३४ साली हा मुलूख पोर्तुगीजांच्या हाती गेला. त्या अमलात देवळे पडली, सक्तीची आणि आमिषाची धर्मांतरेही झाली. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला आणि तेथील चर्चच्या घंटा विजयचिन्ह म्हणून आपल्या देवळांत आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावरील घंटेचा नाद आजही भाविक ऐकतात. हा इतिहास विसरावा असे आम्ही म्हणणार नाही.

मात्र त्याच इतिहासाचा पुढचा भाग आपण सहसा वाचत नाही. राज्य पालटले तरी येथील ख्रिस्ती शेतकरी आपल्या वाडीतच राहिला. त्याने विहीर उपसली, केळी लावली, पानवेली जोपासल्या आणि मराठी सोडली नाही. सामवेदी, वाडवळ, कोळी अशा समाजांची बोली आजही त्यांच्या घराघरांतून ऐकू येते. आपल्या देव्हाऱ्यात आज वाहिलेला सोनचाफा पहाटे वसईच्या एखाद्या ख्रिस्ती मळेकऱ्याने तोडून दादरच्या फुलबाजारात पाठविलेला असणे सहज शक्य आहे. जवळच्या निर्मळ गावी शंकराचार्यांचे समाधिमंदिर आहे, तेथे कार्तिकात मोठी यात्रा भरते. आणि त्याच गावात होली क्रॉस चर्चही आहे. अशा गावातील शाळेत जाण्यास इतके बिचकावे काय, असा विचार करून अखेर नातवाचे नाव घातले.

या शाळांचे पूर्वज

नाव घातल्यावर आम्ही या शाळांच्या परंपरेचा थोडा मागोवा घेतला. वाचकांस तो रुचेल असे वाटते.

१५९७ साली रोम शहरातील त्रास्तेव्हेरे या गरीब वस्तीत, सांता दोरोतेआ चर्चलगतच्या खोल्यांत, जोसेफ कालासान्स नावाच्या स्पॅनिश धर्मगुरूने रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांसाठी विनामूल्य शाळा उघडली. गरिबाच्या मुलास अक्षरओळख आणि हिशेब शिकविणे हीच देवपूजा, अशी त्याची धारणा होती. योगायोग असा की, त्याच वर्षी वसईत जन्मलेले फ्रान्सिस्कन बंधू गोन्सालो गार्सिया यांना जपानात नागासाकी येथे श्रद्धेसाठी मृत्युदंड झाला. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. वसईच्या पोरांना ही कथा आपल्याकडील ध्रुवाच्या कथेइतकी परिचित असते.

पुढे फ्रान्समध्ये १६५१ साली जन्मलेल्या जॉन बाप्टिस्ट द ला साल यांनी हे कार्य वाढविले. श्रीमंत घराण्यातील हा धर्मगुरू मानाचे पद सोडून गरीब शिक्षकांबरोबर राहू लागला. त्या काळी वाचन लॅटिनमधून शिकवीत; त्यांनी मुलांना प्रथम मातृभाषेतून वाचावयास शिकविले आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाची सोय केली. १९५० साली पोप बारावे पायस यांनी त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. त्यांच्या शाळांतील एक रीत आम्हांस फार भावली. शिकवणे चालू असताना ठरावीक वेळाने थांबून, आपण देवाच्या सान्निध्यात आहोत याची क्षणभर आठवण करावयाची आणि पुन्हा कामास लागावयाचे. आपल्या संतांनी संसारातील कामे करता करता नाम घ्यावयास सांगितले, त्याहून हे कितीसे वेगळे?

मराठीशी या परंपरेचे नाते तर फार जुने. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठीत ओवीबद्ध केली. ते ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. सातासमुद्रापलीकडून आलेल्या धर्मोपदेशकासही या भूमीत ओवीचाच आश्रय घ्यावा लागला! आमच्याच काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी सुबोध बायबल मराठीत सिद्ध केले आणि २०२० साली उस्मानाबाद येथील त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. २०२४ साली ते निवर्तले.

शाळेचा दिवस

आता त्या शाळेकडे वळू. पावसाळ्यात चिखल तुडवीत, छत्र्या सावरीत पोरे येतात. काहींच्या आया भाजीच्या व फुलांच्या पाट्या घेऊन पहाटेच्या गाडीने बाजारास गेलेल्या असतात. घंटा होते. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, मग प्रार्थना. ख्रिस्ती मुले कपाळ, छाती व खांदे यांस हात लावून क्रुसाची खूण करतात. इतर मुले हात जोडून डोळे मिटतात. वर्गातील कोणी आजारी असले तर त्याचे नाव घेऊन सर्वांनी त्याच्यासाठी क्षणभर प्रार्थना करावयाची, हा तेथील नेम. डबा उघडण्यापूर्वी अन्न देणाऱ्याचे आभार मानावयाचे आणि डबा नसलेल्या मुलास आपल्यातले द्यावयाचे. ख्रिस्ती मुलांचा धर्मशिक्षणाचा तास वेगळा. त्या वेळी इतर मुलांसाठी मूल्यशिक्षणाचा वर्ग असतो.

वर्षाच्या चक्रातही श्रद्धा अशीच गुंफलेली असते. ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ भस्माच्या बुधवारी सुरू होतो; त्या दिवशी ख्रिस्ती मुलांच्या कपाळी राख लागते. पुढील चाळीस दिवस खाऊचे पैसे वाचवून ते गरिबांसाठी डबीत टाकावयाचे. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. नाताळापूर्वी गोठा सजविण्यासाठी गवत-माती गोळा करण्याची धांदल. कोकणपट्टीत काही ठिकाणी या गोठ्यासाठी आधीच नाचणी पेरून हिरवे कोंब काढतात. ते पाहून आमच्या घरातून उद्गार निघाला, "अगंबाई, हे तर आपले घटच!"

या सर्वांत उपदेशाचा आव कोठे दिसला नाही. मुलांस देव शिकविला जातो तो डबा वाटून घेताना, सांडलेले पाणी पुसताना, चुकले तर क्षमा मागताना. सकाळपासून शाळा सुटेपर्यंत या लहान लहान गोष्टी रोज तशाच घडतात.

"माझं व्रत कोणतं?"

नातू तिसरीत असतानाची गोष्ट. त्याच्या जिवलग मित्राचे प्रथम कम्युनियन होते. या विधीत मूल आयुष्यात पहिल्यांदा मिस्सेतील ख्रिस्तप्रसाद ग्रहण करते. १९१० साली पोप दहावे पायस यांनी त्यासाठी सातव्या वर्षाच्या सुमाराचे, जाणतेपणाचे वय सांगितले. आपल्याकडे आठव्या वर्षी मुंज करतात, तसाच हा प्रकार. मुले बरेच महिने तयारी करतात, आपले अपराध आठवून धर्मगुरूंजवळ पापनिवेदन करतात आणि मग शुभ्र वस्त्रे लेऊन वेदीपाशी जातात.

आम्हांस आमंत्रण होते. नातवासह आम्ही मागच्या बाकावर बसलो. मित्र प्रसाद घेऊन परतला तेव्हा याच्या मनात प्रश्न उभा राहिला, मला का नाही? दुसऱ्या दिवशी त्याने वर्गात बाईंना तेच विचारले. बाई त्याच गावच्या, ख्रिस्ती शेतकऱ्याच्या घरच्या. त्या म्हणाल्या, "बाळा, त्याने त्यासाठी किती दिवस तयारी केली. ते त्याचं व्रत आहे. तुझं व्रत कोणतं, ते तुझ्या आजीला विचार. तिला नक्की ठाऊक असेल."

पोर घरी आले आणि दप्तर न ठेवताच विचारते झाले, "आजी, माझं व्रत कोणतं?"

वाचकहो, त्या क्षणी आमच्या घरात कोणाच्याच तोंडून शब्द फुटला नाही. तीन वर्षे आम्ही धास्ती बाळगून होतो की, हे मूल त्या शाळेत घरचा देव विसरेल. पण विसरण्यासाठी आधी काही शिकविलेले असावे लागते! देव्हारा होता, पूजाही होत होती. परंतु ती सकाळी पोर उठण्यापूर्वी उरकलेली असे. तिन्हीसांजेला दिवा लागे तेव्हा पोर दूरचित्रवाणीपुढे. शुभंकरोती म्हणवून घेण्यास कोणास सवड नव्हती. गणपतीचे चार दिवस सोडले तर त्याला घरातील श्रद्धेत भाग असा नव्हताच. चूक शाळेची नव्हती, आमची होती. आणि ती दाखवून दिली कोणी, तर क्रुसापुढे प्रार्थना करणाऱ्या एका शिक्षिकेने.

त्या संध्याकाळी आजीने त्याला देव्हाऱ्यापाशी बसविले. निरांजनाची वात कशी वळावी येथून आरंभ झाला. पुढे रामरक्षा पाठ झाली. काही दिवसांनी बाईंनी विचारले, "सापडलं का व्रत?" त्याने वर्गातच रामरक्षेचा आरंभ म्हणून दाखविला आणि बाईंनी सर्व मुलांना शांतपणे ऐकावयास लावला.

श्रद्धेस श्रद्धेचे भय नाही

कोणी म्हणेल, सगळ्याच शाळा व सगळेच शिक्षक असे नसतात. खरे आहे. म्हणूनच पालकांनी आपले हक्क जाणून असावे. आपल्या राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांस स्वतःच्या शाळा चालविण्याचा अधिकार दिला. तर अठ्ठाविसाव्या कलमानुसार सरकारमान्य वा अनुदानित शाळेत कोणाही अज्ञान मुलास पालकांच्या संमतीवाचून धर्मशिक्षणास वा उपासनेस बसविता येत नाही. खुद्द कॅथलिक चर्चनेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत २८ ऑक्टोबर १९६५ या एकाच दिवशी दोन घोषणापत्रे प्रसृत केली. एकात आईवडील हेच मुलाचे पहिले व मुख्य शिक्षक असल्याचे सांगितले. दुसऱ्यात हिंदू व इतर धर्मांतील सत्य आणि पावित्र्य यांविषयी आदर व्यक्त केला. त्या बाईंनी ती पत्रे वाचली होती की नाही, आम्हांस ठाऊक नाही. त्यांचे मर्म मात्र त्यांच्या एका वाक्यात आले होते. मुलाला त्यांनी आजीकडे पाठविले.

आज अशा मराठी शाळांचे वर्ग विरळ होत चालले आहेत. ख्रिस्ती काय, हिंदू काय, पालकांचा ओढा इंग्रजी माध्यमाकडे आहे. ज्या बाकांवर केळीवाल्याचा व भटजींचा मुलगा शेजारी बसून एकाच मराठीत बाराखडी घोकत, ते बाक रिकामे पडू लागले आहेत. चर्च आणि मंदिर आपापल्या जागी राहतील; परंतु दोहोंतली मुले लहानपणीच एकमेकांस ओळखतील अशी जागा मग कोठे उरेल, याचा विचार दोन्हीकडील जाणत्यांनी करावयास हवा.

आमचा नातू आता मोठ्या शाळेत गेला आहे. तिन्हीसांजेचा नेम अजून टिकून आहे. आज सकाळी व्यासपूजा आटोपल्यावर आजीने ताम्हनातील सोनचाफ्याची दोन फुले बाजूस काढून त्याच्या हाती दिली. "बाईंना दे," ती म्हणाली, "आणि वाकून नमस्कार कर."

आपल्याही मुलास ज्याने कोणी पहिले अक्षर गिरवावयास शिकविले असेल, त्याच्या दारी आज एकवार जाऊन यावे. आणि परतल्यावर, दिवेलागणीच्या वेळी, मुलास जवळ घेऊन देव्हाऱ्यापुढे बसावे.