जबलपूरला जाताय? तलावांसाठी एक दिवस ठेवा!

जबलपूर म्हटलं की भेडाघाट, धुवांधार धबधबा आणि परतीची गाडी. माझ्या मते हे शहर त्याहून जास्त वेळ मागतं. हिमालयाएवढे उंच डोंगर इथे नाहीत, पण गढा भागात ग्रॅनाइटच्या टेकड्या आणि त्यांच्या पायथ्याशी तलाव अशी सुंदर जोडी आहे.

सुरुवात मदनमहालपासून करा. प्रचंड शिळेवर उभी असलेली ही गोंडकालीन वास्तू आहे छोटीशीच. नाव ऐकून राजवाड्याची अपेक्षा ठेवू नका! जवळच 'बॅलन्सिंग रॉक' आहे. एका खडकावर जेमतेम टेकलेला दुसरा अवाढव्य खडक. 22 मे 1997 च्या भूकंपात शहरातली कितीतरी घरं पडली, हा मात्र जागचा हलला नाही.

मग बाजनामठ मंदिराजवळचा संग्रामसागर. सोळाव्या शतकातला गोंड राजा संग्रामशाह याचं नाव या तलावाला आहे. राणी दुर्गावती ही त्याचीच सून. मुघल फौजेशी लढताना 1564 मध्ये तिने प्राण दिले. शहरातला राणीताल तिच्या नावाचा, चेरीताल तिच्या दासीचा आणि अधारताल दिवाण अधारसिंह यांचा, असं लोक सांगतात. दासीच्या नावाचा तलाव! मला हे फार आवडलं. मात्र जुन्या तलावांपैकी बरेच आता बुजले आहेत, काहींची फक्त नावंच वस्त्यांना उरलीत.

मदनमहालच्या टेकडीवर सकाळी लवकर चढा, उन्हाळ्यात खडक भयंकर तापतात. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारीत जाणं उत्तम. पाणी सोबत घ्या आणि रिकाम्या बाटल्या कृपया परत आणा.