पद्मिनीचा कार्बोरेटर आणि वडिलांची वही

बार्शीतील आमच्या जुन्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये १९८५ सालची एक प्रीमियर पद्मिनी उभी असते. आडतीचा व्यवसाय जोरात होता त्या काळात वडिलांनी ती घेतली. येणे वसूल करण्यासाठी खेडोपाडी, लग्नकार्यासाठी सोलापूरला आणि वर्षातून एकदा सर्व कुटुंबाला घेऊन कुंथलगिरीच्या दर्शनाला ती जात असे. पुढे घरात नव्या गाड्या आल्या, मुले पुण्यामुंबईस गेली आणि पद्मिनीचे फिरणे महिन्यातून एकदा बाजारपेठेपर्यंत उरले.

२०२५ साली तिच्या नोंदणीच्या नूतनीकरणाची वेळ आली. खाजगी मोटारीची नोंदणी आरंभी १५ वर्षांची असते; त्यानंतर दर ५ वर्षांनी गाडी परिवहन कार्यालयात तपासणीसाठी न्यावी लागते. न्यायची तर ती चालली पाहिजे आणि ती तर चालेना. सुरू होई, दोन मिनिटे धापा टाकी आणि बंद पडे. गॅरेजमधून उत्तर आले, 'कार्बोरेटर गेला. आता हे काम करणारे कोणी राहिले नाही.' भंगाराच्या व्यापाऱ्याने येऊन भाव सांगितला. धाकट्या भावाने होकारही देऊन टाकला. त्याचे म्हणणे व्यवहाराला धरूनच होते. वडील मात्र काही बोलले नाहीत. त्यांचे वय ८१. रोज सकाळी गाडीवरचे आच्छादन काढून ते काच पुसतात; त्या दिवशीही त्यांनी पुसली. मी भावाकडे १५ दिवसांची मुदत मागितली.

सोलापूरशी नाते

ही गाडी आमच्या जिल्ह्याला परकी नाही. सोलापूरच्या दिगंबर जैन व्यापारी घराण्यात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी जहाजवाहतूक, विमान कारखाना आणि जहाजबांधणी यांपाठोपाठ १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. आरंभी अमेरिकेच्या क्रायस्लरशी आणि नंतर इटलीच्या फियाटशी करार होऊन कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट या नावाने निघालेली गाडी पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ साली प्रीमियर पद्मिनी झाली. चितोडच्या राणीचे नाव ल्यालेल्या या गाडीचे १०८९ सीसीचे इंजिन कित्येक घरांचा पहिला मोटार-अनुभव ठरले. मुंबईच्या रस्त्यांवरील अखेरची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. आमच्यासारख्या घरांच्या शेडमध्ये मात्र ही गाडी अजून उभी आहे.

माप देणारे यंत्र

कार्बोरेटर म्हणजे काय, हे व्यापारी मनुष्याला समजावणे सोपे आहे. इंजिनाला पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण हवे असते. वजनाने पाहिले तर १ भाग पेट्रोलला सुमारे १५ भाग हवा. आकारमानात बोलायचे तर १ लिटर पेट्रोल जाळण्यासाठी सुमारे ९ हजार लिटर हवा लागते. हे माप क्षणोक्षणी, गाडी उभी असो वा घाट चढत असो, अचूक देण्याचे काम कार्बोरेटर करतो. पेट्रोल अधिक पडले तर धूर आणि खर्च. कमी पडले तर इंजिन अडखळते आणि तापते.

त्यामागील तत्त्व जुने आहे. वाहता प्रवाह अरुंद जागेतून जाताना त्याचा वेग वाढतो आणि दाब घटतो. डॅनियल बर्नुली याने १७३८ साली प्रवाहाचा वेग आणि दाब यांचा संबंध मांडला, तर त्या अरुंद गळ्याला इटलीच्या व्हेंचुरी या शास्त्रज्ञाचे नाव मिळाले. इंजिनाने खेचलेली हवा कार्बोरेटरच्या गळ्यातून वेगाने जाते, तेथील दाब घटतो आणि शेजारच्या कुंडीतील पेट्रोल आपोआप वर खेचले जाते. किती खेचले जावे हे ठरवते पितळेचे एक लहानसे बूच, ज्यात केसासारखे बारीक छिद्र असते. त्यालाच जेट म्हणतात. पद्मिनीला सोलेक्स बनावटीचा कार्बोरेटर असतो. सोलेक्सच्या जेटवर कोरलेला अंक म्हणजे छिद्राचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात; १२० अंक असेल तर छिद्र १.२० मिलिमीटर. जेट हे माप आहे आणि अंक हा त्या मापावरचा शिक्का.

आधी निदान

आपल्याकडे गाडी बिघडली की पहिला हात स्क्रू पिळण्यास जातो. ते टाळावे. आधी लक्षणे लिहून काढावीत. गाडी रेसवर चालते पण उभी असताना बंद पडते, तर पायलट जेटमध्ये कचरा असण्याचा संभव मोठा. पेडल दाबताच क्षणभर गुदमरते, तर अॅक्सिलरेटर पंपाचा पडदा कडक झालेला किंवा फाटलेला असतो. सपाटीवर चालते पण चढावर दम तोडते, तर मेन जेट किंवा पेट्रोलची जाळी तपासावी. पेट्रोलचा दर्प सुटतो, प्लग काजळीने काळे होतात, तर कुंडीचे दार राखणारी निडल वाल्व नीट बसत नाही किंवा फ्लोट फुटून जड झाला आहे. प्लग, पॉइंट आणि हवेचा फिल्टर ठीक आहेत याची खात्री झाल्यावरच कार्बोरेटर काढावा. पुष्कळदा दोष दुसरीकडेच निघतो.

आमच्या गाडीत पहिली तिन्ही लक्षणे एकत्र होती. कारणही दूर नव्हते. टाकीतील पेट्रोल कित्येक महिने तसेच पडून होते. आता पंपावरील पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओल ओढून घेते, जुन्या रबराला पोखरते, आणि जस्तमिश्र धातूच्या कुंडीत पांढरी भुकटी साचते. क्वचित चालणाऱ्या जुन्या गाडीची टाकी म्हणूनच थोडी भरावी आणि आठवड्यातून एकदा गाडी फिरवावी.

मसाल्याचा डबा

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची तार सोडली, इंजिन पूर्ण थंड होऊ दिले आणि उघड्या अंगणात टेबल मांडले. पेट्रोलचे काम स्वयंपाकघरात, बंद खोलीत किंवा दिव्याजवळ कदापि करू नये. जवळ वाळूची बादली ठेवावी. कुंडीतील पेट्रोल झाकणाच्या डब्यात काढून ठेवावे. गटारात किंवा मातीत ओतल्यास किडामुंगीपासून विहिरीपर्यंत सर्वांना त्याचा त्रास होतो.

घरातील टाकाऊ झालेला, सात वाट्यांचा मसाल्याचा डबा आईने दिला. मेन जेट एका वाटीत, पायलट दुसरीत, हवेचा जेट तिसरीत, अशी मांडणी झाली. प्रत्येक पायरीला मोबाइलवर छायाचित्र घेतले. मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलकेच पूर्ण आत बसवून किती फेरे लागले ते मोजले. वडील खुर्ची टाकून शेजारी बसले होते. त्यांनी पुठ्ठ्याची जुनी वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, 'आधी लिही, मग काढ.' त्या वहीत १९८५ पासूनचे पेट्रोल होते : तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये आणि शेवटच्या रकान्यात एका लिटरला पडलेले अंतर.

धातूचे भाग कार्बोरेटर क्लीनरने स्वच्छ केले. रबर आणि प्लास्टिक त्यापासून दूर ठेवले, हातमोजे घातले, डोळ्यांवर चष्मा लावला. पांढरी भुकटी जुन्या दात घासण्याच्या ब्रशने निघाली. फ्लोट कानाशी धरून हलवला, मग गरम पाण्यात बुडवला. बुडबुडे आले नाहीत, म्हणजे तो शाबूत. तळाचा सपाट भाग काचेवर ठेवून पाहिला, तर तो किंचित वाकलेला. पूर्वी कोणीतरी नट अति आवळल्याची ती खूण. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून तो सावकाश घासला. हवा जर वाकड्या तळातून शिरत असेल, तर वरचे सारे जेट खरे असूनही माप खोटेच पडणार.

सुई

पायलट जेट पूर्ण बुजला होता. माझा हात नकळत शिवणाच्या सुईकडे गेला आणि तेथेच थांबला. कारण १९९४ साली हीच चूक मी केली होती. कॉलेजच्या सुटीत, वडील गावी नसताना, मी मेन जेट काढून सुईने 'साफ' केला होता. गाडी उलट जोरात पळू लागली, तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला. दोन महिन्यांनी पेट्रोलचा खर्च वाढल्याची कुरकुर झाली, पण मी गप्प राहिलो. पितळ मऊ असते. सुईने छिद्र रुंदावते. १.२० चे १.३० झाले तरी छिद्राचे क्षेत्रफळ १७ टक्क्यांनी वाढते, आणि तेवढेच अधिक पेट्रोल जाऊ लागते. सूक्ष्म मापातील फसवणूक डोळ्यांना दिसत नाही, हिशोबात दिसते.

एकतीस वर्षांनी मी ते वडिलांना सांगितले. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, 'चौऱ्याण्णवचे पान काढ.' पान काढले. मे महिन्यापर्यंत शेवटच्या रकान्यात १३ आणि साडेतेरा असे आकडे होते. जूनपासून ते ११ झाले. ऑगस्टमध्ये एक ओळ त्यांच्या अक्षरात होती : 'मेन जेट नवा बसवला. पुन्हा सुई लावू नये.' त्यानंतर पुन्हा १३.

त्यांना तेव्हाच कळले होते. त्यांनी मला कधी विचारले नव्हते.

पायलट जेट मी क्लीनरमध्ये रात्रभर भिजत ठेवला आणि सकाळी सायकलच्या पंपाने उलट बाजूने हवा मारली. दोन वेळा काही झाले नाही. तिसऱ्या वेळी मेणासारखा एक कण उडाला. जेट उजेडाकडे धरला तेव्हा छिद्रातून सूर्यकिरणाचा एक स्वच्छ ठिपका दिसला.

जोडणी आणि घाट

गास्केट, पंपाचा पडदा आणि निडल वाल्व यांचा संच कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावरील दुकानातून भाच्याने आणून दिला. 'सामान मिळत नाही' हे अर्धसत्य असते. विचारणारे कमी झाले आहेत, इतकेच. निडल वाल्वखालील वॉशर जुन्याच जाडीचा घेतला, कारण कुंडीतील पेट्रोलची पातळी त्यावर ठरते. नट दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, थोडे थोडे आवळले.

गाडी सुरू झाल्यावर ती पूर्ण गरम होऊ दिली. मग उभ्या गाडीचा वेग किंचित वाढवून मिश्रणाचा स्क्रू सावकाश बाहेर घेतला, इंजिन हेलकावे खाऊ लागेपर्यंत. नंतर तेवढाच आत, ते सम चालेपर्यंत. अखेर वेग पुन्हा कमी केला. एका वेळी एकच स्क्रू आणि प्रत्येक बदलाची नोंद, हा नियम पाळला तर मनुष्य वाट चुकत नाही. शेवटी प्रदूषण तपासणी केंद्रावर धुराचे माप घेतले. आपल्या कानापेक्षा यंत्राचा आकडा विश्वासार्ह असतो. पावती हातात पडली, गाडी तपासणीत उत्तीर्ण झाली होती.

मुदतीचा बारावा दिवस होता. वडिलांना शेजारी बसवून येडशीच्या घाटाकडे गाडी घेतली. पूर्वी याच चढावर ती दम तोडत असे. वडील रस्त्याकडे पाहत नव्हते. डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकत होते. माथ्यावर पोहोचल्यावर त्यांनी एवढेच विचारले, 'किलोमीटर लिहिलेस?'

परिवहन कार्यालयाची तपासणी पुढील आठवड्यात पार पडली आणि नोंदणी ५ वर्षांनी वाढली. भावाने भंगाराच्या व्यापाऱ्याला फोन करून दिलगिरी व्यक्त केली.

प्रत्येक जुनी वस्तू राखलीच पाहिजे, असा आग्रह मी धरणार नाही. जागा, पैसा आणि वेळ यांनाही हिशोब आहे; ज्या गाडीचा सांगाडाच गंजला, तिला निरोप द्यावा. परंतु 'गेली' असे कोणी म्हटले की ती खरोखर गेली आहे की केवळ बुजली आहे, हे एकदा स्वतः उघडून पाहावे. आमच्या कार्बोरेटरमध्ये नवे साहित्य फारसे लागले नाही. कचरा होता, वाकलेला तळ होता आणि झिजलेले रबर होते.

आता शेवटच्या रकान्यात साडेबारा येते. वडिलांचा हात थरथरतो, म्हणून पेट्रोलची नोंद मी लिहितो. ते शेजारी बसून बेरीज तपासतात.